पेत्रपुराण आणि पतितपरावर्तन

क्रिस्तपुराणाचें नांव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्याच्या धाकट्या भावंडाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. एतिएन द ला क्र्वा ह्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानें रचिलेलें पेत्रपुराण गोव्यांत इ. स. १६२९ व १६३४ मध्यें दोन भागांत, रोमी लिपींत छापून निघालें. स्टीफन्सच्या पुराणाच्या १६१६ च्या आवृत्तीची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ह्या ग्रंथाच्या छापील प्रती मात्र टिकल्या. संग्राहकांस एवढ्यावरूनहि तो आदरणीय वाटावा.

मुखपृष्ठावर ग्रंथाची भाषा 'ब्राह्मण मराठी' आणि हेतु पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या मतांचें खंडन असा दिला आहे. त्या खंडनाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो चरित्रनायकाचा.

संत पेत्र हा ख्रिस्ताचा पट्टशिष्य. "सर्वांनीं सोडिलें तरी मी सोडणार नाहीं" असें म्हणणारा हा पुरुष त्याच रात्रीं एका दासीच्या प्रश्नानें गडबडला आणि "मी त्यास ओळखत नाहीं" असें तीन वेळां म्हणाला. कोंबडा आरवला तेव्हां तो बाहेर जाऊन रडला. योहानाच्या शुभवर्तमानांत एक सूक्ष्म खूण आहे. निखाऱ्यांच्या शेकोटीस ग्रीकमध्यें जो शब्द आहे, तो नव्या करारांत दोनदांच येतो: नकाराच्या रात्रीं, आणि पुढें सरोवराच्या कांठीं, जेथें ख्रिस्त पेत्रास "तुझी माझ्यावर प्रीति आहे काय?" असें तीनदां विचारून आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन करितो. तीन नकारांस तीन उत्तरें; दंड मुळींच नाहीं. यहूदासहि पश्चात्ताप झाला होता, त्यानें तीस रुप्याचीं नाणीं परत केलीं. पण तो पुन्हां त्या शेकोटीपाशीं आला नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रासहि हा विषय अपरिचित नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमोचनाचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत ख्यापन व अनुताप हीं प्रथम येतात, आणि देवलस्मृतींत म्लेंच्छांनीं बळानें नेलेल्यांस शुद्धि सांगितली आहे. भेद एवढाच कीं, आमच्या ग्रंथांत परतणाऱ्यासाठीं कृच्छ्रादि व्रतांचीं मापें ठरलेलीं असतात. पेत्राच्या कथेंत मापच नाहीं.

आतां ज्या गोव्यांत ही कथा छापली गेली तें गोवें पाहूं. तेथें १५६० मध्यें इन्क्विझिशन स्थापन झालें होतें; मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. जुन्या आचाराकडे वळलेल्या नवख्रिस्त्यास पहिल्या वेळीं प्रायश्चित्त देऊन क्षमा मिळे. पुन्हां पडलेल्यास ती वाट बंद असे. नियम असा कीं, त्यास राजसत्तेच्या हवालीं करावें, आणि त्याचा अर्थ काय तें सर्वांस ठाऊक होतें. तीनदां नाकारणारा ज्या चर्चचा आधारस्तंभ, त्याच चर्चच्या न्यायासनापुढें दुसरी चूक अक्षम्य! कवीस ही विसंगति जाणवली असेल काय, हा प्रश्न आम्ही अनाठायी मानीत नाहीं. ग्रंथाचें खंडन न्यायासनास सोयीचें होतें. कथा तशी नव्हती.

पुढें १६८४ मध्यें विसरेइ कोंदि द आल्व्होर ह्यानें तीन वर्षांच्या आंत देशभाषा सोडण्याचा हुकूम काढिला. म्हणजे ज्यांच्यासाठीं पुराण रचिलें त्यांची जीभच बांधावयाची! तथापि कानडा मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि मंगळूर येथील १९०७ ची आवृत्ति तशाच प्रतींवरून सिद्ध झाली. अशा पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं पेत्राच्या नकाराचीं पानें अवश्य तपासावीं. तेथील कागद इतर पानांहून अधिक झिजलेला आहे कीं काय, तें कळलें तर आम्हांस हवें आहे.