धर्मयात्रा की विहारयात्रा? एका मिशनऱ्याचा १८३५ चा फाल्गुन

गिरनारच्या पायऱ्या चढून दत्तशिखरावर जाणाऱ्या मराठी भाविकांपैकी बहुतेकांची वाट एका मोठ्या खडकाजवळून जाते. जुनागढ शहरातून डोंगराच्या पायथ्याकडे निघाले की रस्त्यालगतच तो आहे. आता त्यावर छप्पर आहे, तेव्हा नव्हते. १८३५ च्या मार्चमध्ये, म्हणजे ऐन फाल्गुनात, तीस वर्षांचा एक स्कॉटिश मिशनरी या खडकापुढे थांबला. तो आला होता धर्मप्रचाराला. परत जाताना मात्र त्याच्या मनात त्या दगडावरची अक्षरे होती. या थ्रेडचा विषय तो दौरा, तो खडक आणि त्या दौऱ्याच्या काळात मुंबईत मागे राहिलेली एक स्त्री हा आहे.

त्या मिशनऱ्याचे नाव जॉन विल्सन. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच हे. स्कॉटलंडमधील लॉडर या गावी १८०४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांच्यासह ते मुंबईत उतरले. पहिले काही महिने उभयतांनी कोकणात काढले. स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा बाणकोट आणि हर्णै येथे होती. हर्णैच्या किनाऱ्यावर, सुवर्णदुर्गासमोर, नवराबायको दोघेही मराठी शिकत होते. मिशनऱ्याची बायको म्हणजे घर सांभाळणारी, एवढीच कल्पना असेल तर ती इथेच बाजूला ठेवावी. मार्गारेट यांनी भाषा शिकली ती शिकवण्यासाठी. मुंबईस आल्यावर थोड्याच काळात त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ चा, हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळ किती आधीचा होता, हे उमगते.

विल्सन यांचा स्वभाव वादाचा होता. मुंबईत त्यांचे मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाले. मोरभटांनी १८३१ मध्ये ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून उत्तर दिले आणि विल्सन यांनी पुढल्या वर्षी त्यावर इंग्रजीत प्रत्युत्तर छापले. ते पुस्तक आज वाचणाऱ्याला त्यातला चढा सूर खटकल्यावाचून राहत नाही. समोरच्याचा धर्म समजून घेण्यासाठी त्यांनी संस्कृत आणि पुढे झेंद ग्रंथांचाही कसून अभ्यास केला, हे खरे. पण तो अभ्यास खंडनासाठी होता, हेही तितकेच खरे.

आता ऋतूकडे वळू. स्कॉटलंडमध्ये वसंत म्हणजे बर्फ वितळून वाटा मोकळ्या होण्याचा काळ. पश्चिम हिंदुस्थानात मिशनऱ्याचे वेळापत्रक याच्या अगदी उलट असे. पावसाळ्यात चिखलामुळे वाटा बंद असत, म्हणून दौरे दिवाळीनंतर निघत. फाल्गुन उजाडला की दौऱ्याचे शेवटचे आठवडे उरत आणि चैत्रात ऊन तापू लागल्यावर तंबूत राहणे जिवावर बेतत असे. यात अतिशयोक्ती नाही. मुंबईतील अमेरिकन मिशनचे एक संस्थापक गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिककडच्या दौऱ्यावर गेले होते. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे ते रोग्यांना वाटत होते. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली आणि २० मार्चला वाटेतल्या एका खेड्यात त्यांचा अंत झाला. विल्सन मुंबईत आले तेव्हा या घटनेला तीनच वर्षे लोटली होती. वसंतातला प्रवास म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक मिशनरी कुटुंबाला पुरते ठाऊक होते.

तरीही १८३४ च्या अखेरीस विल्सन गुजरात, काठेवाड आणि कच्छच्या लांब दौऱ्यावर निघाले. पुस्तके वाटावीत, गावोगावी बोलावे, मिशनसाठी नव्या जागा पाहाव्यात, असा हेतू होता. तो अंशतः साधलाही. पुढे १८४१ मध्ये आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पहिले मिशनरी काठेवाडात आले, त्यामागे विल्सन यांचाच आग्रह होता. पण या दौऱ्याचे महत्त्व त्यात नाही.

जुनागढला पोहोचल्यावर त्यांनी गिरनार पाहिला. नेमिनाथाचे देवालय, बाकीची जैन मंदिरे, त्यावर एकामागून एक शिखरे आणि खाली पसरलेला सोरठ. मूर्तिपूजेवर टीका करणे हे ज्याचे काम, तो माणूस या मंदिरांकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मात्र त्या नजरेत कुतूहलही होते, आणि पायथ्याच्या खडकापाशी कुतूहलाने बाजी मारली.

खडक पाहणारे ते पहिले युरोपीय नव्हते. राजस्थानच्या इतिहासामुळे प्रसिद्ध असलेले जेम्स टॉड १८२२ मध्येच तिथे येऊन गेले होते. जुनागढच्या लोकांना तर तो पिढ्यान्‌पिढ्या माहीतच होता. वाचता मात्र कोणालाच येत नव्हता. विल्सन यांनी सोबतच्या जुन्या वर्णमालांशी अक्षरे ताडून पाहिली. काही अक्षरे जुळली. हा लेख वाचता येण्याजोगा आहे, एवढे त्यांच्या लक्षात आले, आणि याची नीट प्रत घेतली गेली पाहिजे, ही गोष्ट त्यांनी मनाशी बांधली. वाचन त्यांनी केले नाही. त्याचे श्रेय त्यांना देण्याची चूक अधूनमधून होते, म्हणून हे स्पष्ट सांगितलेले बरे.

इकडे मुंबईत मार्गारेट शाळा पाहत होत्या, घर आणि मुले सांभाळत होत्या आणि पती वर्षातले काही महिने दौऱ्यावर असल्याने मिशनची बरीच कामेही त्यांच्यावर पडत. हवामान आणि श्रम या दोहोंनी त्यांची प्रकृती खालावलेली होती. जुनागढच्या त्या भेटीला दोन महिनेही झाले नव्हते, तोच १९ एप्रिल १८३५ रोजी, चैत्रात, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय जेमतेम चाळीस. मिशनच्या इतिहासांत विल्सन यांच्या दौऱ्यांना प्रकरणे मिळतात. ज्यांच्यामुळे ते दौरे करता आले, त्यांच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो.

त्याच १८३५ मध्ये विल्सन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. खडक त्यांच्या विस्मरणात गेला नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून कॅप्टन लँग यांनी लेखाचा कापडावर ठसा घेतला. तो कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेला. प्रिन्सेप टांकसाळीतले अधिकारी. नाणी तपासता तपासता लिपींच्या नादी लागलेले. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांत पुन्हा पुन्हा शेवटी येणारा शब्द ‘दानं’ असला पाहिजे, असे त्यांनी ताडले आणि आज जिला आपण ब्राह्मी म्हणतो, ती लिपी उलगडू लागली. नेमक्या अशा वेळी गिरनारचा ठसा त्यांच्या हाती पडला.

ओरिसातल्या धौलीच्या खडकाची प्रतही त्यांच्याजवळ होती. देशाच्या दोन टोकांना, पूर्व आणि पश्चिम समुद्रांजवळ, जवळजवळ एकच मजकूर कोरलेला होता. शिवाय गिरनारच्या दुसऱ्या आज्ञेत ‘अंतियक’ नावाचा यवन राजा निघाला आणि तेराव्या आज्ञेत ‘तुरमाय’ वगैरे नावे. म्हणजे सीरियाचा अँटिओकस आणि इजिप्तचा टॉलेमी! १८३८ मध्ये प्रिन्सेप यांनी हे जाहीर केले. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाला बाहेरच्या, ठरलेल्या कालगणनेशी बांधणारा एक पक्का दोर हाती आला. अशोक नेमका केव्हा झाला, याचे आज आपण शाळेत पाठ करतो ते उत्तर या नावांवर उभे आहे. तेरावी आज्ञा मात्र तिथे खंडित आहे; यात्रेकरूंच्या रस्त्यासाठी दगड फोडताना खडकाचा तो भाग गेला. लेफ्टनंट पोस्टन्स यांनी १८३८ मध्ये जाऊन नवी, अधिक काळजीपूर्वक प्रत घेतली आणि हरवलेल्या तुकड्यांचा शोधही केला.

आता त्या खडकावर काय लिहिले आहे ते पाहू. सगळ्या चौदा आज्ञा इथे सांगत बसण्याचे कारण नाही, दोन पुरेत.

आठव्या आज्ञेत अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात; शिकार आणि तशीच इतर करमणूक हा त्या यात्रांचा हेतू असे. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, लोकांशी धर्माविषयी बोलणे. बावीस शतकांपूर्वीच्या राजाने प्रवासाचे दोन प्रकार केले आणि ते ज्या दगडावर कोरले, त्याच्यापुढे असा प्रवासी येऊन उभा राहिला, ज्याचा दौरा नेमका कोणत्या रकान्यात घालावा, असा प्रश्न पडावा. कागदोपत्री ती धर्मयात्रा होती. पण इतिहासाला तिचा उपयोग झाला तो डोंगर, देवळे आणि दगड पाहण्यासाठी थांबलेल्या वेळेचा.

बारावी आज्ञा आणखी बोचरी आहे. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करू नये, वाणीला आवर घालावा, एकमेकांचा धर्म ऐकावा, असा तिचा आशय. मोरभटांशी वाद घालून आलेल्या विल्सन यांना त्या दिवशी ती वाचता आली असती तर? हा प्रश्न अनैतिहासिक आहे, पण टाळता येत नाही. नंतर ती वाचली गेल्यावरही त्यांच्या धर्मप्रचारात खंड पडला नाही; १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून मुंबईत उसळलेला वाद त्यांच्याभोवतीच होता.

लेण्यांचा नाद मात्र वाढत गेला. पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांची पाहणी करण्यासाठी १८४८ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले आणि १८५० मध्ये त्यांचा लेण्यांवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. कार्ले, नाशिक, कान्हेरी इथल्या शिलालेखांच्या प्रती घेण्याच्या त्या कामात विष्णुशास्त्री बापट होते. मिशनरी पंडितांच्या बरोबरीने त्यांचेही नाव घेतले गेले पाहिजे.

खडकाची गोष्ट जुनागढलाच परतली. विल्सन येऊन गेल्यानंतर चार वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच गावी भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म झाला. प्रिन्सेप यांनी लावलेली अक्षरे शिकून हा मुलगा गिरनारचा खडक वाचू लागला. १८६० च्या दशकाच्या आरंभी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला मुंबईस आणले. त्याच खडकावर रुद्रदामन्‌चा इसवी सन १५० चा संस्कृत लेखही आहे. सुदर्शन तलावाचा बांध फुटल्याची आणि तो पुन्हा बांधल्याची हकिकत त्यात येते. त्या लेखाचे सुधारलेले वाचन भाऊ दाजींनी प्रसिद्ध केले, ते भगवानलाल यांच्या साहाय्याने.

आणि मार्गारेट? प्रिन्सेप यांनी यवन राजांची नावे जाहीर केली त्याच १८३८ मध्ये एडिंबरोत विल्सन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र, पत्रांच्या उताऱ्यांसह, प्रसिद्ध झाले. त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून मुंबईस येऊन त्या शाळा चालवू लागल्या. आई गेली तेव्हा थोरला अँड्र्यू चार वर्षांचाही नव्हता की नुकताच झाला होता. मोठेपणी तो मिशनरी झाला नाही. पत्रकार झाला, प्रवासी झाला. हिमालयातल्या आपल्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८७५ मध्ये निघाले. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला जॉन विल्सन मुंबईत वारले.