खवट होणारी पुडी : ॲम्फोटेरिसिन आणि केईएम

मंडळी, पेशींवरच्या ऑक्सिडेटिव्ह ताणाविषयी बोलायचं, तर शेंगदाण्यापासून सुरुवात करू. जुना शेंगदाणा खवट होतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं तेल बिघडतं. आपल्या पेशीचं आवरणही स्निग्धच आहे. ऑक्सिजनचे आक्रमक कण पेशीत रोजच तयार होतात आणि पेशी ते निस्तरते. निस्तरण्याच्या पलीकडे वाढले, की तो ताण.

2021 मध्ये काळ्या बुरशीमुळे ॲम्फोटेरिसिन बी हे नाव घराघरांत पोचलं. औषध मात्र 1950च्या दशकातलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला ते चिकटतं, आवरण गळू लागतं. शिवाय बुरशीच्या पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताणही वाढतो. पण आपल्या आवरणातलं कोलेस्टेरॉल हे अर्गोस्टेरॉलचं चुलत भावंडच की! त्यामुळे मार मूत्रपिंडालाही बसतो.

यावर उपाय निघाला तो पुडीचा. 1960च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे ॲलेक बँगहॅम यांनी पाहिलं, की फॉस्फोलिपिड पाण्यात आपसूक बारीक गोल पुड्या बांधतं. हे लायपोसोम. पुडीतलं ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडात कमी आणि यकृत-प्लीहेत जास्त जातं. परदेशी लायपोसोम फार महाग, म्हणून दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बछावत यांच्या गटाने ते इथे बनवलं. परळच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने 1990च्या दशकात रुग्णांवर चाचण्या केल्या. शहापूरकर आसनगावहून लोकलने, मुरबाडकर कल्याणमार्गे जिथे जातात, तेच हे केईएम. आपल्या वैद्यक-इतिहासात या कामाचा उल्लेख फारच कमी होतो, हे मला खटकतं.

आता नॅनो म्हटलं की निर्धोक, असं समजू नका. चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे कण स्वतःच पेशीतला ताण वाढवू शकतात. लायपोसोमचं स्निग्ध द्रव्य तुलनेने सौम्य. पण शेंगदाण्यासारखं तेही बिघडतं, म्हणून ते थंड ठेवावं लागतं. शिवाय ही देशी पुडी शिरेतून देण्याआधी सुमारे पाऊण तास ध्वनिलहरींच्या यंत्रात हलवावी लागते. परळला ते जमतं. इथल्या ग्रामीण रुग्णालयात द्यायचं, तर फ्रिज, ते यंत्र आणि तेवढा वेळ न जाणारी वीज, तिन्ही हवीत.