नोटेवरचा शब्द : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

राज्यसत्ता नाण्यावर आपले नाव घालते, तेव्हा ती प्रजेशी बोलत असते. प्रजेने त्याच नाण्यावर किंवा नोटेवर उलट चार शब्द उमटवले, तर त्याला नासधूस म्हणायचे, गुन्हा म्हणायचे की अभिव्यक्ती? हा प्रश्न नाणकशास्त्र, इतिहास आणि राज्यघटना यांच्या सामाईक बांधावर पडून आहे, म्हणून कुणाच्याच शेतात त्याची नीट मशागत झालेली नाही. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

सुरुवातीला दूर जाण्याचे कारण नाही. शिराळा, वाळवा, कऱ्हाड हा वारणा-कृष्णेकाठचा मुलूख शिवराईच्या चलनातला. या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. भोवतालच्या सत्तांची नाणी फारसी लिपीत पडत असताना हे नाणे देवनागरीत बोलत होते. सोन्याचा होन सामान्यांच्या हाती क्वचितच येई, शिवराई मात्र हाटातून घरोघर जाई. नव्या राज्याची द्वाही सर्वाधिक हातांत पोचवली ती हलक्या नाण्याने.

नागरिकांनीही पुढे नेमके हेच हेरले. ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ सालची एक पेनी आहे. तिच्यावर सातव्या एडवर्डचा मुखवटा, आणि त्या मुखवट्यावर आडवे ठोकलेले तीन इंग्रजी शब्द : स्त्रियांना मताधिकार द्या, अशा अर्थाचे. अक्षरे एकेक करून, हाताने, हातोडी-पंचने ठोकलेली. नाणे असे बिघडवणे हा गुन्हा होता. पण पेनीसारखे किरकोळ नाणे बँक सहसा परत घेत नसे, म्हणून ते शब्द वर्षानुवर्षे फिरत राहिले. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीत, ऑक्टोबर १९७५ मध्ये, पत्रकार व्लादिमीर हेर्झोग कोठडीत मरण पावले. सरकारने ती आत्महत्या ठरवली. तेव्हा कलावंत सिल्दो मेइरेलिस यांनी नोटांवर रबरी शिक्का मारून विचारले : हेर्झोगला कुणी मारले? वर्तमानपत्राला सेन्सॉर होता, सुट्या पैशाला नव्हता.

शिराळा तालुक्याला ही धाटणी परकी नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात बिळाशीच्या लोकांनी सागाच्या खांबावर तिरंगा चढवला, आणि तो उतरवायला पोलीस आले तेव्हा गावच्या स्त्रिया त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. तिथे वाद झेंड्यावरून होता, पण मूळ प्रश्न हाच : सार्वजनिक चिन्हावर हक्क राज्याचा की लोकांचा? २००४ मध्ये नवीन जिंदल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रध्वज सन्मानाने फडकावणे हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) खालचा अभिव्यक्तीचा हक्क मानला. तो हक्क निरंकुश नाही, हेही सांगितले. बिळाशीपासून या निकालापर्यंतचा प्रवास अभ्यासकाने लक्षात ठेवावा.

आता आपल्या नोटेकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांतील ६(३)(iii) हे पोटकलम सांगते : नोटेवर राजकीय किंवा धार्मिक संदेश देणारे शब्द वा चित्र असेल, किंवा एखाद्या व्यक्ती-संस्थेचे हित पुढे नेणारा मजकूर असेल, तर परताव्याचा दावा नाकारावा. नुसती गिरगटलेली नोट मात्र चालते. २०१६ मध्ये दहाच्या नोटेवर कुणीतरी लिहिलेले प्रेमभंगाचे वाक्य देशभर गाजले. तशी खासगी तक्रार खपून जाते, 'महागाई कमी करा' एवढे लिहिलेली नोट अडचणीत येते. नागरिकाच्या ज्या बोलण्याला राज्यघटना सर्वाधिक जपते, त्याच बोलण्याला हा नियम सर्वाधिक जाचतो.

कायद्याचाही एक पेच आहे. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे नोट कायदेशीर चलन असते, आणि एखाद्या मालिकेचा तो दर्जा काढायचा तर केंद्र सरकारची अधिसूचना लागते. परतावा नियमांचा आधार कलम २८ आहे, आणि ते फाटक्या-खराब नोटांच्या परताव्यापुरते बोलते. तरीही घोषणा लिहिलेली नोट चलनच राहत नाही, असे बँकेची परिपत्रके सांगतात. परतावा नाकारणे आणि चलनाचा दर्जा काढणे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत काय? राज्यघटनेच्या कलम १९(२) मधल्या निर्बंधांच्या यादीत नोटेची स्वच्छता कुठे बसते? कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नांना हात घालावा.

दुसरी बाजूही खरी आहे. नाशिकरोडच्या कारखान्यात छापलेली प्रत्येक नोट लोकांच्या पैशाने तयार होते. शिक्के मोकळे केले, तर ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचे शिक्के जास्त, आणि निवडणुकीत प्रत्येक नोट प्रचारपत्रक होईल. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण आजच्या नियमात खरा अन्याय वेगळाच आहे. शिक्का मारणारा केव्हाच नामानिराळा होतो, आणि ती नोट अखेर जिच्या हाती येते त्या भाजीवालीचे पैसे बुडतात. बोलणारा एक आणि दंड भरणारा दुसरा, ही व्यवस्था कोणत्याही न्यायबुद्धीला पटू नये. संदेशाचे काय करायचे ते न्यायालय ठरवील. धारकाला मात्र त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या क्षेत्रात येणाऱ्याला मोठे ग्रंथालय लागत नाही. शिक्क्याची वा लिहिलेली नोट हाती आली, की तिच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. मूल्य, छपाईचे वर्ष, मिळाल्याची तारीख आणि गाव टिपून ठेवा. ज्याच्याकडून आली त्याला ती कुठून मिळाली हे विचारा. अशा नोंदी गावोगाव जमल्या, तरच मराठी माणसाने आपल्या पैशावर काय लिहिले याचा इतिहास उभा राहील. ते काम तुमच्या गल्ल्यापासून सुरू करा.