मंच कोणाचा, सुपारी कोणाची?

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यांमध्ये वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. मंडप, स्टेज, लाईट, साउंड, डीजे आणि गायक पार्टी, सगळे महिनाभर आधी ठरते. पैसा गोळा करायचा, कलावंत ठरवायचा, पोलीस परवानगी काढायची आणि लोक जमवायचे, हे सगळे जयंती मंडळ करते. जगात ज्याला कॉन्सर्ट प्रमोटर म्हणतात त्याचा धंदा नेमका हाच आहे. तरीही आपण स्वतःकडे आयोजक म्हणून कधी पाहत नाही. म्हणून आम्ही आज हा प्रश्न मांडतो आहोत. ज्या समाजाने महाराष्ट्राला ढोलकी, हलगी आणि शाहिरी दिली, त्या समाजाच्या हाती मंचाचा व्यवहार का आला नाही?

उत्तर तमाशाच्या इतिहासात सापडते. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्या तिथे येतात, फड पसंत करतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. गाणारे, वाजवणारे, नाचणारे मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजातले. पुष्कळ फडमालकही याच समाजातले. मग शोषण कुठे झाले? जत्रा गावकीची होती, वर्गणी गावकीच्या हाती होती आणि फड उभा करायला लागणारे भांडवल सावकाराचे होते. मालक सावकाराकडून कर्ज घ्यायचा आणि कलावंताला हंगामाआधी उचल द्यायचा. ती उचल फिटेपर्यंत कलावंत त्या फडाला बांधलेला. पाऊस पडून जत्रा बुडाली तर तोटा आधी मालकावर आणि मग कलावंतावर, सावकाराचे व्याज मात्र चालूच. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळवणाऱ्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीत गेल्या, याचा अर्थ या व्यवहाराशी जोडूनच लावावा लागतो. पदकाने मान मिळाला, पण उचलीचा आणि कर्जाचा हिशेब काही बदलला नाही.

बाबासाहेबांनी हा व्यवहार फार लवकर ओळखला होता. महाड सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून सत्याग्रह फंडाला मदत देऊ केली. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडाची कीर्ती पवळा या महार कलावंतिणीच्या नावाशी जोडलेली. चळवळीला तेव्हा पैशाची निकड होती. तरीही महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी ती देणगी नाकारली. आजचे काही विद्वान यात केवळ नीतिमत्तेचा आग्रह पाहतात. काही जण तर बाबासाहेबांना कलेचे विरोधक ठरवू पाहतात. आम्हाला हे पटत नाही. कारण त्यांच्याच चळवळीत १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे जलसे गावोगाव फिरत होते. ढोलकी तीच, लोकांच्या ओळखीची चालही तीच. पण बाईचा नाच तिथे विकायला ठेवलेला नव्हता आणि कार्यक्रम गावच्या पाटलाच्या मर्जीवर ठरत नव्हता. आमंत्रण वस्तीचे, प्रेक्षक वस्तीचा, विषय पाणवठ्याचा आणि शिक्षणाचा. म्हणजेच जलशाने गाण्याबरोबर मंचाची मालकीही बदलली. जलशाच्या इतिहासाची ही बाजू आपण फारशी सांगत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमधील ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत थिएटर ओनर्स बुकिंग असोसिएशन नावाची संस्था कृष्णवर्णीय कलावंतांचे दौरे ठरवत असे. बेसी स्मिथसारखी गायिका याच थिएटरांतून गाजली. पण बहुतेक थिएटरमालक गोरे होते. करार त्यांचा, तारखा त्यांच्या. मोबदला आणि राहण्याची सोय इतकी वाईट, की संस्थेच्या आद्याक्षरांवरून कलावंतांनीच तिचे 'काळ्या कलावंतांसाठी कठोर' अशा अर्थाचे टोपणनाव पाडले होते.

करार हे शोषणाचे हत्यार असेल, तर तेच उलटेही वापरता येते. नॉर्मन ग्रँझ या गोऱ्या आयोजकाने १९४४ साली लॉस एंजेलिसमध्ये 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' ही मैफलींची मालिका सुरू केली. प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवायचे नाही, ही अट तो करारातच घालत असे. ती मान्य नसेल तर कार्यक्रम नाही. गोऱ्या आणि काळ्या वादकांना मोबदला आणि सोयी सारख्याच. १९५५ साली ह्यूस्टनमध्ये त्याने सभागृहातल्या स्वच्छतागृहांवरच्या गोऱ्या-काळ्यांच्या पाट्या काढायला लावल्या. पोलिसांनी मंचामागे घुसून एला फिट्झगेराल्ड, डिझी गिलेस्पी आणि खुद्द ग्रँझ यांना जुगाराच्या नावाखाली अटक केली. पण त्या रात्री प्रेक्षक एकत्र बसले ते बसलेच. दक्षिणेकडच्या शहरात कायदा बदलण्याआधी एका कराराने हे घडवले.

मंच मिळाला तरी काम संपत नाही, हे हार्लेमने दाखवले. १९६९ च्या उन्हाळ्यात टोनी लॉरेन्स या कृष्णवर्णीय आयोजकाने तिथल्या बागेत सहा रविवार मोफत संगीत महोत्सव भरवला. निना सिमोन, स्टीव्ही वंडर, महालिया जॅक्सन गायले. सुमारे तीन लाख लोक आले. सगळ्याचे चित्रीकरणही झाले. त्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सव झाला, १९७० साली त्याचा चित्रपट आला आणि तो जगभर गाजला. हार्लेमच्या चित्रफिती मात्र सुमारे पन्नास वर्षे तळघरात पडून राहिल्या. त्यांना घ्यायला कोणी तयार नव्हते. त्यांवरचा 'समर ऑफ सोल' हा माहितीपट २०२१ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाला. पण तोवर दोन पिढ्यांनी वुडस्टॉकलाच त्या काळाचे संगीत मानले होते. ध्वनिमुद्रण आणि वितरण हाती नसले की तीन लाखांची गर्दीसुद्धा इतिहासातून गायब करता येते.

आपल्याच देशात चेन्नईने यातून धडा घेतलेला दिसतो. मार्गळी महिन्यात तिथे सभांचा कर्नाटक संगीताचा हंगाम चालतो, त्यावर ब्राह्मण वर्चस्व आहे हे उघड आहे. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने त्या सभांच्या दारात आम्हाला आत घ्या म्हणून अर्ज केला नाही. २०१८ साली 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद मंचावर आणला आणि २०२० पासून त्याच मार्गळीत लोकसंगीताचा स्वतंत्र महोत्सव उभा केला. पराई वाजवणारे आणि गाना गाणारे कलावंत तिथे मुख्य मंचावर असतात.

आता आपल्या मंडळांकडे वळू. काही जण म्हणतील, शाहिरी हे मिशन आहे, त्यात पैशाचा हिशेब कशाला? आमचा त्यांना उलट प्रश्न आहे. डीजेवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय गाडी आणत नाही, मंडपवाल्याचे बिल सोडत नाही. मग मिशन फक्त शाहिराच्याच वाट्याला का? वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गीते लिहिली. त्यांची गीते गाऊन, कॅसेटवर आणि पुढे मोबाईलवर विकून कोणाकोणाची घरे भरली, याचा हिशेब कधी मागितला गेला का? कलावंताच्या हातात न मोजता ठेवलेले पाकीट हे आपल्याच मंचावरचे बलुते आहे. गावकीच्या बलुत्याविरुद्ध लढलेल्या समाजाला हे शोभत नाही.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. कॉपीराईट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. कलावंताच्या संमतीशिवाय त्याच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून विकता येत नाही. पण कागदच नसेल तर कायदा कशाला लागू करणार?

म्हणून येत्या जयंतीपासून प्रत्येक मंडळाने एवढे करावे. गायक, शाहीर आणि वादक यांच्याशी साधा लेखी करार करावा. त्यात बिदागी, आगाऊ रक्कम, प्रवास आणि मुक्काम लिहावा. कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे तेही लिहावे. चित्रीकरण कोण करणार, ते कोणाच्या चॅनलवर जाणार आणि उत्पन्नात कलावंताचा वाटा किती, हे आधी ठरवावे. गीतकाराचे नाव मंचावरून आणि व्हिडिओखाली द्यावे. स्त्री कलावंताला पुरुषाइतकाच मोबदला आणि सुरक्षित मुक्काम, ही अट असावी. आणि डीजेवरचा व कलावंतांवरचा खर्च वस्तीसमोर फलकावर लिहावा. वर्गणी वस्तीने दिली आहे, हिशेब पाहण्याचा हक्कही वस्तीचाच आहे.

जय भीम!