टीव्हीच्या पाठीमागच्या तारा : दीपनगर, खानदेश आणि व्हीसीआरचा काळ

१/ भुसावळजवळचे दीपनगर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते औष्णिक वीजकेंद्रामुळे. तेथील पहिला संच १९६८ साली सुरू झाला. २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ व १९८२ मध्ये आले. त्याच १९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि व्हीसीआर हे यंत्र मध्यमवर्गीय घरांच्या बोलण्यात आले. हा धागा त्या यंत्राच्या जोडणीचा, आणि ती जोडणी आज पुन्हा शिकण्याची वेळ का आली आहे याचा.

२/ वीजकेंद्र आणि व्हीसीआर यांचे नाते वरवर वाटते त्याहून जवळचे आहे. २१० मेगावॅटच्या संचाचे चक्र मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या विजेची ५० हर्ट्झ ही वारंवारता त्यातूनच येते. भारतीय पद्धतीच्या व्हीसीआरमधील चित्र वाचणारा गोल ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो, बरोबर निम्मे.

३/ हा योगायोग नाही. आरंभीच्या दूरचित्रवाणी संचांत विजेच्या प्रवाहाची गुणगुण चित्रात सरकत्या पट्ट्यांच्या रूपाने दिसे. ती जाचक ठरू नये म्हणून अभियंत्यांनी चित्राचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवून घेतला. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ५० अर्धचित्रे. अमेरिकेत ६० हर्ट्झची, म्हणून ६०. भारताने ६२५ रेषा व ५० अर्धचित्रांची पद्धत घेतली आणि १९८२ मध्ये तिला ‘पाल’ रंगपद्धतीची जोड दिली.

४/ याचा परिणाम घराघरांत दिसला. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली बारशाची किंवा लग्नाची कॅसेट इथल्या यंत्रात घातली की चित्र गरगर फिरे, कारण ती ५२५ रेषांच्या ‘एनटीएससी’ पद्धतीची असे. सौदी अरेबियात ‘सेकॅम’ पद्धत होती. तिकडची कॅसेट इथे कृष्णधवल दिसे. कॅसेट खराब, यंत्र खराब, असे तर्क चालत. दोष दोहोंचाही नव्हता; दोन देशांच्या मानकांत मेळ नव्हता. ‘मल्टिसिस्टिम’ या शब्दाला जाहिरातींत एवढे वजन आले ते यामुळेच.

५/ सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आले. भारतात ही यंत्रे आली ती मुख्यतः आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास सैल झालेल्या आयातीतून. सरकारला देशाला रंगीत खेळ दाखवायचे होते. लोकांनी त्या पडद्यावर आपल्या आवडीचा सिनेमा लावला.

६/ खानदेशच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; परंतु त्याच्या लहरी साधारणपणे क्षितिजापर्यंतच पोहोचत, आणि भुसावळ रेल्वेमार्गाने मुंबईपासून सुमारे ४४० किलोमीटर. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची उभारणी झाली. काही महिने तर सरासरी रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. तोवर प्रक्षेपणाच्या कक्षेबाहेरील गावांत टीव्ही संच हा व्हीसीआरचा पडदा एवढाच होता.

७/ विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती, म्हणून भाड्याचा धंदा उभा राहिला. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभरासाठी तीन-चार कॅसेट. गल्लीत वर्गणी निघे, अंगणात सतरंजी पडे. नुसत्या चित्रपटांसाठी मुद्रण न करणारा स्वस्त व्हीसीपीही पुरत असे. भुसावळ परिसरात रेल्वे, दोन आयुध निर्माणी आणि वीजकेंद्र. सगळीकडे पाळ्यांची नोकरी. रात्रपाळीच्या माणसाला दूरदर्शनच्या वेळा सोयीच्या नसत. कॅसेट मात्र त्याच्या सवडीने लागे.

८/ या यंत्राबरोबर एक माणूस येई: जोडणी करणारा. टीव्हीच्या पाठीमागे तेव्हा छतावरील अँटेनाची चपटी, दुपदरी तार स्क्रूने कसलेली असे. तिची अवरोधकता ३०० ओहम. व्हीसीआरचे खाचे गोल, ७५ ओहमच्या केबलचे. या दोहोंमध्ये जुळवणारी छोटी डबी लागे. ती न लावता तारा नुसत्या पिळून जोडल्या की चित्रात मुंग्या येत किंवा सावल्या पडत.

९/ जोडणीचा क्रम असा : अँटेनाची तार व्हीसीआरच्या ‘आत’ खाच्यात, व्हीसीआरच्या ‘बाहेर’ खाच्यातून दुसरी तार टीव्हीच्या अँटेना खाच्यात. मग टीव्हीवर एक रिकामे चॅनेल शोधायचे. व्हीसीआर कॅसेटवरचे चित्र एका ठरावीक चॅनेलवर बसवून तारेतून पाठवी; तो घरातल्या घरात एक अगदी छोटा प्रक्षेपकच होता. अनेक यंत्रांच्या मागे चाचणीची कळ असे. ती दाबली की काळ्या पडद्यावर पांढरे पट्टे दिसत. पट्टे स्पष्ट होईतो टीव्हीचे बटण फिरवायचे, म्हणजे जोडणी जमली.

१०/ दोष ओळखण्याचेही एक शास्त्र तयार झाले. पट्टे स्पष्ट दिसतात पण सिनेमा दिसत नाही : दोष तारांत नसून कॅसेटमध्ये किंवा हेडमध्ये. चित्रावर जाळी किंवा दुहेरी प्रतिमा : व्हीसीआरचे चॅनेल स्थानिक प्रक्षेपणाच्या चॅनेलशी भिडते आहे, ते थोडे सरकवा. चित्राच्या वर-खाली आडवी रेघ : ‘ट्रॅकिंग’ची चकती फिरवा. आवाज येतो पण पडद्यावर नुसता बर्फ : हेड मळले आहे.

११/ हेड मळणे हा खानदेशातील उन्हाळ्याचा आणि धुळीचा नेहमीचा प्रताप. व्हीएचएस फीत १२.७ मिलिमीटर रुंद. तिच्यावर चित्राच्या तिरप्या पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टीची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. ती वाचणाऱ्या हेडची फट तर केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही लहान. धुळीचा एक कण तेथे बसला की सिनेमा थांबे. जाणकार स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने हेड पुसत. घाईतले लोक कोरी नोट वापरत आणि कित्येकदा हेडच मोडून ठेवत.

१२/ तिसरा शत्रू विजेचा. जळगाव जिल्हा राज्याला वीज पुरवतो, पण निर्मितीकेंद्राच्या शेजारी असल्याने वीज अखंड मिळते असे नाही. तयार वीज उच्च दाबाने राज्याच्या जाळ्यात जाते आणि गावाला मिळते ती वितरणाच्या शेवटच्या टोकावरची. संध्याकाळी दाब उतरे, चित्र आक्रसे. म्हणून टीव्हीखाली स्टॅबिलायझर हे जणू त्याचेच अंग झाले. वीज गेली की फीत यंत्रात अडकून बसे, आणि ती ओढून काढण्याच्या नादात कॅसेटचा बळी जाई.

१३/ राज्यसंस्थेलाही या तारांची दखल घ्यावी लागली. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रफितींच्या चोरट्या प्रतींवर शिक्षा कडक झाली; कॅसेटवर निर्मात्याचा व हक्कदाराचा तपशील देणे बंधनकारक ठरले. चित्रपटगृहांचे मालक व्हिडिओ पार्लरविरुद्ध तक्रारी करत होते आणि करमणूक कर खाते पार्लरच्या दारात उभे होते. तीन तासांच्या फितीने चित्रपटगृहाची, कराची आणि सेन्सॉरची जुनी घडी विस्कटली होती.

१४/ याच व्हीसीआरने केबलला जन्म दिला. मुंबईच्या इमारतींत १९८० च्या दशकाच्या मध्यास एकाने व्हीसीआर आणि अॅम्प्लिफायर घेतला, सगळ्या मजल्यांवर तार टाकली आणि महिन्याला पैसे घेऊन रोज सिनेमा दाखवायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत जिल्ह्यांच्या गावांत गेली. एकमेकींना लागून असलेल्या इमारती आणि महिनाअखेर ठरलेला पगार, म्हणून नोकरदार वसाहती केबलवाल्याला विशेष सोयीच्या. तार कमी लागे, वसुली नियमित होई.

१५/ जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी स्टार टीव्ही आले, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाले. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठी तबकडी आली, तरी त्याच्या खोलीतला व्हीसीआर कायम राहिला. दुपारचा आणि रात्रीचा सिनेमा त्यावरच लागे. १९९५ च्या केबल कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणेही बंधनकारक केले.

१६/ घरातल्या व्हीसीआरला याच काळात खरे बळ आले. केबल आधी व्हीसीआरमध्ये, तेथून टीव्हीत, अशी जोडणी असली की दोन्ही यंत्रांचे ट्यूनर स्वतंत्रपणे काम करत. टीव्हीवर एक वाहिनी पाहावी आणि व्हीसीआरने दुसरी मुद्रित करावी. ठरलेल्या वेळी यंत्र आपोआप सुरू होई. कार्यक्रम कधी पाहायचा हे प्रथमच प्रेक्षक ठरवू लागला.

१७/ धुळ्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवरील मालेगावात या तारांनी आणखी एक काम केले. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख चित्रपटांचे तुकडे व्हीसीआरवर जोडता जोडता संकलन शिकले. एका यंत्राचे ‘बाहेर’ दुसऱ्याच्या ‘आत’ जोडायचे आणि हवे तेवढेच उतरवून घ्यायचे. त्यातून ‘मालेगाव के शोले’ आला आणि यंत्रमागांच्या गावाचा स्वतःचा सिनेमा उभा राहिला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने तो जगाला दाखवला.

१८/ या व्यवस्थेचा शेवट सेट-टॉप बॉक्सने केला. डिजिटल केबलची सक्ती मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून झाली. इतर शहरी भागांसाठी डिसेंबर २०१५ आणि उर्वरित देशासाठी मार्च २०१७ या मुदती ठरल्या, प्रत्यक्षात काही ठिकाणी उशीर झाला. आता वाहिनी निवडणारा ट्यूनर बॉक्समध्ये गेला. व्हीसीआरचा स्वतःचा ट्यूनर निरुपयोगी झाला; बॉक्सवर जे लागले असेल तेवढेच मुद्रित होऊ लागले. आपोआप मुद्रणाची वेळ लावूनही बॉक्स बंद असेल तर सकाळी कोरी कॅसेट हाती येई. तक्रार व्हीसीआरबद्दल होई. सत्ता मात्र दुसऱ्या डबीकडे गेली होती.

१९/ जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. इथल्या व्हिडिओ लायब्ररींत ज्या नावाचे व्हीसीपी घरोबा करून होते, तीच या यंत्राची जगातील अखेरची उत्पादक ठरली. नवे यंत्र आता मिळत नाही. आणि चुंबकीय फितीचे आयुष्य साधारण दहा ते पंचवीस वर्षांचे मानले जाते. उष्णतेत ते आणखी घटते. १९९० च्या आसपासच्या लग्नाच्या कॅसेट ही मर्यादा ओलांडून गेल्या आहेत.

२०/ या कॅसेटमध्ये खानदेशचा एक इतिहास आहे जो कोणत्याही दप्तरात नाही. लग्नातील अहिराणी गाणी, घराघरांतील बोलण्याची ढब, दारातला मांडव, आज हयात नसलेली माणसे हिंडता-बोलताना. सरकारी अभिलेखागारात वीजकेंद्राच्या संचांच्या तारखा सापडतील. वसाहतीतील माणसे कशी हसत होती हे फक्त फितीवर आहे. त्यातल्याही कित्येक कॅसेटची संरक्षक खाच तोडलेली नसल्याने त्यांच्यावर पुढे मालिका मुद्रित झाल्या.

२१/ म्हणून जोडणी पुन्हा शिकायची. आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत पाहावी. पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये, हेडही जाईल आणि पुढच्या कॅसेटही बिघडतील. मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची खाच तोडावी, म्हणजे चुकून पुसले जाणार नाही. एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्र आधी पारखावे.

२२/ मग व्हीसीआरचे पिवळे (चित्र) आणि पांढरे-लाल (आवाज) खाचे टीव्हीच्या ‘एव्ही’ खाच्यांना जोडावेत. सेट-टॉप बॉक्सची इथे गरजच नाही. रिमोटवर ‘एव्ही’ निवडावे. चित्र कृष्णधवल किंवा फिरते आले तर पद्धत ‘पाल’ आहे की ‘एनटीएससी’ हे तपासावे. चित्र जमले की त्याच तारा संगणकाला लावायच्या रूपांतरकात घालाव्यात आणि कॅसेट पहिल्याच फेरीत उतरवून घ्यावी. जुनी फीत दुसरी फेरी देईलच याची खात्री नसते.

२३/ दीपनगरच्या मोठ्या यंत्रांची नोंद ठेवायला मंडळ होते, आणि २००५ पासून महानिर्मिती आहे. कपाटावरच्या कॅसेटची नोंद ठेवणारे कोणीही नाही. ते काम ज्याच्या घरी कॅसेट आहे त्याचेच, आणि यंत्र चालते आहे तोवरच करता येईल असे. (धागा समाप्त)