रिकाम्या हातांनीं परतलेलें मिशन

ज्युबिलीच्या पुस्तकांत आंकडे यावयाचेच. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, हें सर्व या पुस्तकांत इतरत्र आलें आहे, व तें योग्यच आहे. आम्हांस मात्र येथें अशा एका मिशनची हकीकत सांगावयाची आहे कीं, ज्याच्या वहींत मांडण्याजोगा आंकडा जवळजवळ नाहींच. निमित्त असें झालें कीं, आमच्या धर्मग्रामांतील कांहीं तरुण सुटींत आठ-दहा दिवस दूरच्या एका मिशनगांवीं सेवेसाठीं जाऊन आले, आणि परतल्यावर त्यांतील एकानें खिन्न मुद्रेनें आम्हांस विचारलें, "फादर, आम्हीं तेथें जाऊन केलें तरी काय?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अकबर बादशहाच्या दरबारीं १५८० ते १५८३ या काळांत राहिलेल्या पहिल्या येशूसंघीय मिशनचा इतिहास आम्हीं सेमिनरींत असतांना वाचला होता. तो पुनः काढून वाचला.

या मिशनचें मूळ शोधूं गेल्यास तें कोणत्याही प्रवचनांत सांपडत नाहीं; तें सांपडतें जकातीच्या हिशेबांत. १५७६ च्या सुमारास वाझ व दियश नांवाचे दोन येशूसंघीय फादर बंगालमध्यें होते. तेथील पोर्तुगीज व्यापारी नांवाचे ख्रिस्ती, पण बादशाही खजिन्याचें देणें बुडवीत. फादरांनीं त्यांस स्पष्ट बजावलें कीं, बुडविलेला कर भरल्यावांचून पापनिवेदनांत क्षमा मिळणार नाहीं. ज्याचा पैसा बुडाला तो राजा ख्रिस्ती नाहीं, ही सबब त्यांनीं चालूं दिली नाहीं. ही वार्ता अकबराच्या कानीं गेली व त्यास मोठें नवल वाटलें. पुढें बंगालमधील एक पोर्तुगीज अधिकारी व पेरेरा आडनांवाचे एक धर्मगुरु त्यास भेटले. हे पेरेरा फार विद्वान नव्हते, आणि तसें सांगण्यांत त्यांस कमीपणाही वाटला नाहीं. आपल्याहून जाणती माणसें गोव्यांत आहेत, त्यांस बोलवावें, असें त्यांनीं बादशहास सुचविलें. आमच्या धर्मग्रामांतील दुकानदार व कंत्राटदार मंडळींनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा अशी आमची नम्र विनंती आहे.

सप्टेंबर १५७९ मध्यें बादशहाचा वकील गोव्यास आला. नियमशास्त्र व शुभवर्तमान यांचे ग्रंथ घेऊन दोन विद्वान धर्मगुरु पाठवावे, अशी त्याची मागणी होती. हे धर्मगुरु उद्यां ओलीस म्हणून अडकून पडले तर काय, अशी शंका पोर्तुगीज राजप्रतिनिधीस आली. परंतु बिशपांनीं विचार करून जाण्याच्या बाजूनें कौल दिला. तिघे निवडले गेले. प्रमुख होते फादर रोदोल्फो आक्वाविवा. वय एकोणतीस, इटलींतील आत्रीच्या ड्यूकचे पुत्र, गोव्यास येऊन जेमतेम एक वर्ष झालेलें. दुसरे फादर आंतोनी मोन्सेरात, कातालोनियाचे, चाळिशी उलटलेले व टिपणें ठेवण्यांत निष्णात. तिसरे फ्रान्सिस हेन्रीकिश, मूळचे ओर्मुझचे, इस्लाममधून ख्रिस्ती झालेले. फारशी भाषेचा सर्व भार त्यांजवर.

१७ नोव्हेंबर १५७९ रोजीं ते गोव्याहून निघाले. दमणपर्यंत जहाज, मग सुरत, आणि तेथून खुष्कीच्या मार्गानें सातपुडा व नर्मदा ओलांडून मांडू, उज्जैन, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर. नरवरास मोन्सेरात आजारी पडले. त्यांस मागें ठेवून दोघे पुढें गेले व १५८० च्या फेब्रुवारीअखेर फत्तेपूर सिक्रीस पोंचले. मोन्सेरात कांहीं दिवसांनीं मागून आले.

स्वागत असें झालें कीं तरुण माणसाचें डोकें फिरावें. बादशहानें पुष्कळ सोनें देऊं केलें. फादरांनीं पोटापुरतें अन्न तेवढें स्वीकारून बाकी सर्व नम्रपणें परत केलें. त्यांनीं आणलेलें बायबल अँटवर्प येथें प्लांतिनच्या छापखान्यांत नुकतेंच छापलेलें, अनेक भाषांतील भव्य बायबल होतें. अकबरानें त्याचा प्रत्येक खंड मस्तकीं धरिला व त्याचें चुंबन घेतलें. शुभवर्तमान यांतील कोणत्या खंडांत आहे, असें विचारून त्या खंडास त्यानें अधिक मान दिला. पवित्र मरियेच्या चित्रापुढें तो आदरानें लवला. राजपुत्र मुराद, वय सुमारें दहा, मोन्सेरात यांच्याकडे शिकूं लागला, आणि शुभवर्तमानाचें भाषांतर करण्याची आज्ञा अबुल फजल यास झाली. एक पोर्तुगीज मनुष्य तेथें मरण पावला, तेव्हां पुढें क्रूस व हातीं पेटत्या मेणबत्त्या घेऊन त्याची अंत्ययात्रा राजधानीच्या भर रस्त्यांतून निघाली. तिला कोणी हरकत घेतली नाहीं. गोव्यास व युरोपांत पत्रें गेलीं, आशा उंचावल्या. बादशहा आज ना उद्यां बाप्तिस्मा घेणार, असें पुष्कळांस वाटूं लागलें.

मिशनच्या पहिल्या पत्रांवर फार विसंबूं नये, हें आम्ही अनुभवानें सांगतों. पहिल्या महिन्यांत जें दिसतें तें बहुधा यजमानाचें सौजन्य असतें. त्याचें मन दिसावयास वेळ लागतो.

अकबराचें मन जिज्ञासु होतें, आणि त्याची जिज्ञासा खरी होती. इबादतखान्यांत त्यानें मुल्ला, ब्राह्मण, जैन, पारशी अशा सर्वांस बसविलें व सर्वांचें ऐकलें. परंतु एका देवांत तीन व्यक्ति कशा, आणि देव मनुष्य कसा झाला, या ठिकाणीं त्याची बुद्धि अडे ती पुढें सरकत नसे. आमच्या फादरांनीं काय केलें? त्यांनीं वाद केला. फार वाद केला, आणि इस्लामच्या पैगंबराविषयीं असें तिखट बोलले कीं त्यांचे प्राण केवळ बादशहाच्या आश्रयामुळें सुरक्षित राहिले. त्यांचें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पाहुणा म्हणून ज्याच्या घरीं गेलों त्याच्या घरच्या माणसांस परमप्रिय असलेल्या नांवाचा अधिक्षेप करणें हें धैर्य खरें, शहाणपण नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रांत मुसलमान बांधवांविषयीं आदराचे शब्द काढले आहेत. तीं वाक्यें आक्वाविवांस वाचावयास मिळालीं असतीं तर, असा विचार आमच्या मनांत येतो; पण इतिहास असा मागें फिरवितां येत नाहीं.

या सर्व वादांत एक प्रसंग असा आहे कीं, तेथें आम्हांस हा तरुण फादर सर्वांत मोठा दिसतो. एका मुल्लानें कुराण घेऊन व एका फादरनें शुभवर्तमान घेऊन पेटत्या अग्नींत शिरावें, जो वांचेल त्याचा धर्म खरा, अशी सूचना निघाली व ती बादशहानें उचलून धरिली. आक्वाविवांनीं नकार दिला. देवाची परीक्षा पाहणें हेंच पाप आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. दरबारांतील इतिहासकार बदायुनी यास यांत फिरंग्यांची भीति दिसली व त्यानें तसें लिहूनही ठेवलें. विचार करा. सर्व दरबार पाहत आहे, स्वतः बादशहा आग्रह करीत आहे, आणि "मी हें करणार नाहीं" असें म्हणून भित्रा ठरावयाचें आहे. मंदिराच्या शिखरावर उभ्या असलेल्या आपल्या प्रभूनेंही उडी घातली नव्हती. ज्यांस मरणाचें भय नव्हतें (तें पुढें लवकरच दिसून आलें) त्यांनीं त्या दिवशीं नामुष्की पत्करली. चमत्काराचे नवस बोलणाऱ्या आपल्या समाजांत हा प्रसंग प्रवचनांत क्वचितच सांगितला जातो.

१५८१ सालीं बादशहा काबूलच्या स्वारीवर निघाला व राजपुत्राचे शिक्षक म्हणून मोन्सेरात बरोबर गेले. हेन्रीकिश गोव्यास परतले. आक्वाविवा फत्तेपुरास एकटे राहिले. १५८२ मध्यें मोन्सेरातही युरोपास जाऊं घातलेल्या शाही वकिलातीबरोबर सुरतेस गेले. ती वकिलात जहाजावर चढलीच नाहीं. त्याच सुमारास अकबरानें सर्व मतांतील आपणांस पटेल तें घेऊन स्वतःचा निराळा पंथ काढला. आतां बाप्तिस्म्याची आशा उरली नव्हती. भाषा येत होती, मान होता, बादशहाची माया होती, आणि काम मात्र नव्हतें. महिनोन्‌महिने एका खोलींत उपास, प्रार्थना आणि वाट पाहणें! धर्मगुरूच्या आयुष्यांत असे दिवस येतात. त्यांचा अहवाल कोणी लिहीत नाहीं.

अखेर वरिष्ठांची परतण्याची आज्ञा आली, आणि १५८३ च्या आरंभीं बादशहानें मोठ्या नाखुषीनें त्यांस निरोप दिला. निघतांना कांहीं मागावें अशी रीत. त्यांनीं द्रव्य मागितलें नाहीं. शाही घराण्यांत गुलाम म्हणून असलेलें एक रशियन ख्रिस्ती कुटुंब होतें: आई, बाप व त्यांचीं मुलें. इतकीं वर्षें परक्यांत काढल्यानें त्यांचा धर्म नांवापुरता उरला होता. तेवढें कुटुंब त्यांनीं मागून घेतलें व आपल्याबरोबर गोव्यास आणलें. तीन वर्षें, हजारों मैलांचा प्रवास, जगांतील एका बलाढ्य बादशहाची मैत्री, आणि हातीं काय आलें, तर एक सुटलेलें कुटुंब. आम्हांस तो हिशेब तोट्याचा वाटत नाहीं.

गोव्यास येतांच त्यांस साष्टी प्रांतांतील मिशनचे वरिष्ठ नेमलें. देवळासाठीं जागा पाहावयास ते कुंकळ्ळीस गेले, आणि नव्या पंचांगाप्रमाणें २५ जुलै १५८३ रोजीं गांवकऱ्यांनीं त्यांस व आणखी चार येशूसंघीयांस ठार केलें. त्यांच्याबरोबर इतर ख्रिस्ती जनही मारले गेले. १८९३ सालीं तेराव्या लिओ पोपमहाराजांनीं या पांच जणांस धन्य म्हणून घोषित केलें. हें आपण दरवर्षीं ऐकतों. परंतु उरलेली हकीकतही आपल्याच तोंडून ऐकिली पाहिजे. साष्टींतील हिंदूंचीं मंदिरें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं होतीं, कुंकळ्ळीवर लष्करी स्वाऱ्या झाल्या होत्या, आणि मारल्या गेलेल्या पांचांतील कांहीं जण पूर्वीं त्या स्वाऱ्यांबरोबर गेलेले होते. आक्वाविवा तेथें नवखे; ज्या रागास ते बळी पडले तो त्यांनीं पेटविलेला नव्हता. पुढें गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून पोर्तुगीजांनीं त्यांची कत्तल केली. हुतात्म्यांचा गौरव करणाऱ्या आम्हां ख्रिस्ती लोकांस हें लपवितां येणार नाहीं, व लपवूंही नये. जकात बुडविणाऱ्यास क्षमा नाकारणाऱ्या त्या दोन फादरांचा न्याय येथें कोणीं लावला?

सोबत्यांपैकीं मोन्सेरात यांस पुढें ॲबिसिनियाकडे धाडलें. वाटेंत अरबांनीं त्यांस पकडलें व कांहीं वर्षें ते येमेनच्या बाजूस कैदेंत होते. अकबराच्या दरबाराचा आपला ग्रंथ त्यांनीं त्या कैदेंत पुरा केला. सुटका १५९६ सालीं, मृत्यु १६०० सालीं साष्टींत. त्यांचें हस्तलिखित १९०६ सालीं कलकत्त्यांत सांपडलें, तेव्हां जगास त्याचा पत्ता लागला.

आणखी एक नांव येथें घेतलें पाहिजे. हे तिघे फत्तेपुराकडे निघण्यापूर्वीं अवघे तीन-चार आठवडे, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, एक इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला होता: थॉमस स्टीफन्स. कुंकळ्ळीच्या प्रकाराची हकीकत त्यांनीं ऑक्टोबर १५८३ मध्यें आपल्या भावास पत्रानें कळविली. मग ते कोणत्याही दरबारीं गेले नाहींत. त्याच साष्टींत, त्याच गांवकऱ्यांच्या शेजारीं, त्यांची बोली शिकत ते राहिले. एकंदर चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत काढलीं. १६१६ सालीं राशोल येथें त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण छापून निघालें, आणि देवळांत जमलेले लोक येशूची कथा आपल्याच ओवींत गाऊं लागले.