महिरपी कंस जलद, साधा कंस मंद : ‘आर’ भाषेच्या वेगाचा इतिहास (थ्रेड 🧵)

१/
ऑगस्ट २०१०. टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक रॅडफर्ड नील यांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत एखाद्या बेरजेभोवती साधा कंस घातला, तर गणिताला जितका वेळ लागे, त्याहून कमी वेळ महिरपी कंस घातल्यास लागत असे. उत्तर तेच, अर्थही तोच. फरक केवळ कंसाच्या आकाराचा. ज्या भाषेत जगभरातील संशोधक आकडेमोड करत होते, तिच्या पोटात असे काय दडले होते?

२/
या प्रश्नाचे मूळ शोधण्यासाठी १९७६ सालच्या अमेरिकेत जावे लागते. न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था होती. ट्रान्झिस्टर आणि युनिक्स यांचे जन्मस्थान तेच. तेथील संख्याशास्त्रज्ञांपाशी फोरट्रान भाषेत लिहिलेल्या उत्तम उपआज्ञावल्यांचा मोठा संग्रह होता. अडचण एवढीच की, लहानशा शंकेचे निरसन करायचे तरी प्रत्येक वेळी नवी फोरट्रान आज्ञावली लिहावी लागे. विचार क्षणात सुचे. तो यंत्रापर्यंत पोहोचवण्यात मात्र दिवस मोडे.

३/
५ मे १९७६ रोजी जॉन चेंबर्स यांनी सहकाऱ्यांसमोर एक आकृती मांडली. मध्यभागी गणिती कृती, म्हणजे फोरट्रानमधील वेगवान भाग. आणि तिच्याभोवती माणसाला बोलता येईल अशा भाषेचे वेष्टन. आत यंत्राची गती, बाहेर माणसाची सोय. या आकृतीतूनच ‘एस’ ही भाषा जन्मली. चेंबर्स यांच्यासोबत रिचर्ड बेकर आणि पुढे ॲलन विल्क्स हे तिचे प्रमुख शिल्पकार ठरले.

४/
‘एस’ प्रथम हनीवेल कंपनीच्या महासंगणकावर चालली, मग युनिक्सवर आली. १९८८ पर्यंत तिचे नवे रूप सिद्ध झाले आणि १९९८ मध्ये या कामगिरीबद्दल चेंबर्स यांना एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. मात्र त्या पहिल्या आकृतीतच पुढच्या चाळीस वर्षांच्या वादाचे बीज होते. बाहेरची भाषा आणि आतले यंत्र यांच्यामध्ये एक सीमा होती, आणि ती ओलांडण्यास किंमत पडत होती.

५/
ही किंमत समजण्यासाठी जुना जकात नाका आठवावा. दहा लाख पोती एकेक करून नाक्यावरून नेली, तर तपासणी दहा लाख वेळा होते. तीच पोती एका मालगाडीत भरून नेली, तर तपासणी एकदाच. ‘एस’ आणि तिच्या वंशातील भाषांत संख्यांची अख्खी माळ, म्हणजेच व्हेक्टर, एका आज्ञेत आत पाठवता येते. नाका एकदाच लागतो. उलट, लूप लिहून एकेक संख्या हाताळली की प्रत्येक फेरीला जकात भरावी लागते. ‘लूप टाळा, व्हेक्टर वापरा’ हा उपदेश येथूनच रूढ झाला.

६/
कथेचा पुढचा अंक न्यूझीलंडमध्ये घडतो. १९९० च्या दशकारंभी ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन हे दोन तरुण अध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिंटॉश संगणक होते आणि त्यांवर विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगी चांगली संख्याशास्त्रीय प्रणाली त्यांना सापडेना. इहाका यांच्यावर ‘स्कीम’ या लिस्पकुळातील भाषेचा प्रभाव होता. दोघांनी स्कीमच्या धर्तीवर सुमारे हजार ओळींचा एक छोटा इंटरप्रिटर रचला आणि त्यावर ‘एस’ भाषेचा पेहराव चढवला. दोघांच्या नावांचे आद्याक्षर आणि ‘एस’शी असलेले नाते, या दोहोंतून नाव पडले ‘आर’.

७/
१९९३ मध्ये ‘आर’ची वार्ता प्रथम बाहेर गेली. झुरिकच्या मार्टिन मेक्लर यांच्या आग्रहामुळे जून १९९५ मध्ये तिचा स्रोत मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. १९९७ मध्ये तिची देखभाल करणारा मुख्य गट स्थापन झाला आणि २९ फेब्रुवारी २००० या दुर्मिळ तारखेस आवृत्ती १.०.० प्रकाशित झाली. वर्गखोलीसाठी केलेला प्रयोग जगाचे साधन बनला. ज्या पायावर हा वाडा उभा राहिला, तो मात्र लहान घरासाठी खणलेला होता.

८/
त्या पायाचे वैशिष्ट्य म्हणजे कमालीचे स्वातंत्र्य. ‘आर’मध्ये जवळजवळ प्रत्येक क्रिया हे फंक्शन आहे. अधिकचे चिन्ह हे फंक्शन, ‘जर’ची अट हे फंक्शन, आणि कंससुद्धा फंक्शनच! वापरकर्त्याने मनात आणले तर तो अधिक चिन्हाचा अर्थही बदलू शकतो. म्हणून इंटरप्रिटरला प्रत्येक वेळी विचारावे लागे : या क्षणी, या ठिकाणी ‘अधिक’ म्हणजे नेमके काय? दहा लाख बेरजा, तर दहा लाख वेळा तीच चौकशी. लवचीकतेचे मोल असे प्रत्येक पावलावर वसूल होत होते.

९/
दुसरा खर्च नकलांचा. ‘आर’चा एक सज्जन नियम आहे : फंक्शनला दिलेली माहिती त्याने बदलली, तरी देणाऱ्याची मूळ प्रत अबाधित राहते. त्यामुळे विश्लेषकाला निर्धास्तपणे काम करता येते. पण मूळ प्रत जपायची तर बदलापूर्वी नक्कल करावी लागते. या मालाला आणखी कोणी धनी आहे का, याची नोंद ‘आर’ फार ढोबळपणे ठेवत असे : शून्य, एक, किंवा ‘एकाहून अधिक असू शकतील’. शंका आली की नक्कल, असा शिरस्ता होता.

१०/
याचा सर्वांत घातक परिणाम दिसे तो वाढत्या माळेत. रिकामी माळ घेऊन लूपच्या प्रत्येक फेरीत शेवटी एकेक संख्या जोडली, तर प्रत्येक वेळी नवी जागा घेऊन जुनी सारी माळ तिथे उतरवली जाई. एक लाख संख्यांसाठी १ + २ + ३ असे करत सुमारे ५०० कोटी संख्यांची हलवाहलव होते. संख्या दुप्पट केल्या की काम चौपट. तीच एक लाखाची जागा आधीच राखून ठेवली, तर प्रत्येक संख्या एकदाच लिहिली जाते. पॅट्रिक बर्न्स यांनी २०११ च्या ‘द आर इन्फर्नो’ या पुस्तिकेत दान्तेच्या नरकाप्रमाणे वर्तुळे कल्पिली. त्यांपैकी दुसरे वर्तुळ याच पापाला दिले आहे.

११/
आता कंसाचे कोडे सुटते. साधा कंस हे सामान्य अंतर्गत फंक्शन मानले जाई : आतील मूल्य काढा, त्याची यादी बनवा, त्या यादीसाठी मेमरीत जागा घ्या, मग ते मूल्य परत करा. महिरपी कंस वेगळ्या वर्गात मोडे. त्याला आतील मजकूर जसाच्या तसा मिळे आणि यादीचा खटाटोप वाचे. कोणी जाणूनबुजून असे ठरवले नव्हते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या एका किरकोळ निर्णयाची ती सावली होती.

१२/
नील तेवढ्यावर थांबले नाहीत. इंटरप्रिटरमध्ये अशा आणखी किती गळत्या आहेत, हे शोधून त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या. मुख्य गटाने त्यांतील काही स्वीकारल्या, काही नाहीत. अखेर जून २०१३ मध्ये नील यांनी ‘पीक्यूआर’ ही ‘आर’ची स्वतंत्र, अधिक वेगवान शाखा प्रसिद्ध केली. जुने घर न पाडता केवळ नीट डागडुजी केली तरी बराच वेग हाती लागतो, हा तिचा दावा होता.

१३/
या दाव्याच्या विरुद्ध टोकाला कोण उभे होते? खुद्द ‘आर’चे जनक! २००८ मध्ये रॉस इहाका आणि डंकन टेम्पल लँग यांनी एका शोधनिबंधात असे मांडले की, ‘आर’च्या रचनेतच अशा मर्यादा आहेत की वरवरच्या दुरुस्तीने त्या जाणार नाहीत, कॉमन लिस्पच्या पायावर नवी प्रणाली उभारणे श्रेयस्कर. ज्यांनी भाषा घडवली, त्यांनीच ती मागे ठेवून पुढे जाण्याचा सल्ला द्यावा, असे प्रसंग संगणकाच्या इतिहासात विरळाच.

१४/
बाहेरूनही दबाव वाढत होता. २०१२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील यान विटेक आणि सहकाऱ्यांनी ‘आर’च्या रचनेची चिकित्सा केली. छोट्या चाचणी आज्ञावल्यांत ती ‘सी’ भाषेपेक्षा शेकडो पट मंद आढळली. त्याच वर्षी जेफ बेझनसन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शाह आणि ॲलन एडलमन यांनी ‘ज्युलिया’ भाषेची घोषणा केली. माणसाची सोय आणि यंत्राची गती एकाच भाषेत मिळावी, म्हणजे १९७६ च्या आकृतीतील सीमाच पुसून टाकावी, ही तिची प्रतिज्ञा होती.

१५/
मग ‘आर’ सोडून सारे का गेले नाहीत? कारण तोवर भाषेपेक्षा तिच्याभोवतीचा संग्रह मोठा झाला होता. जानेवारी २०१७ मध्ये ‘क्रॅन’ या तिच्या सार्वजनिक भांडारातील पॅकेजांची संख्या १०,००० च्या पुढे गेली. जनुकांचा अभ्यास असो की साथरोगांचा, त्या त्या शाखेतील अभ्यासकांनी आपली पद्धत ‘आर’मध्ये ग्रथित करून ठेवली होती. नव्या पायावर जायचे म्हणजे हे सारे पुन्हा लिहायचे, आणि उत्तरे तीच येतात याची पुन्हा खात्री करायची. मंद पण पडताळलेले गणित विरुद्ध जलद पण नवे गणित, असा तो पेच होता.

१६/
हा पेच ज्यांनी सबुरीने सोडवत नेला, त्यांत ल्यूक टिअर्नी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विशेष म्हणजे तेही लिस्पच्याच परंपरेतले. ‘लिस्प-स्टॅट’ ही प्रणाली त्यांचीच. डिसेंबर २००० च्या आवृत्ती १.२.० मध्ये निरुपयोगी मेमरी गोळा करण्याची त्यांची नवी पद्धत आली. ती पिढ्यांचा हिशेब ठेवते : जुन्या, टिकून राहिलेल्या वस्तू वारंवार तपासत नाही, नव्या मात्र लवकर पाहते.

१७/
२००१ मध्ये टिअर्नी यांनी ‘आर’साठी कंपायलरचा प्राथमिक आराखडा मांडला. आज्ञावलीची प्रत्येक ओळ नव्याने उलगडण्याऐवजी तिचे एकदाच संक्षिप्त सांकेतिक रूप, म्हणजे बाइटकोड, करून ठेवायचे. अधिक चिन्हासारख्या मूलभूत गोष्टींचा अर्थ सहसा कोणी बदलत नाही, हे गृहीत धरून चौकशीही वाचवायची. हे पॅकेज भाषेसोबत मिळू लागले ते एप्रिल २०११ मध्ये. एप्रिल २०१७ च्या आवृत्ती ३.४.० पासून वापरकर्त्याने काही न सांगता हे संकलन आपोआप होऊ लागले. आराखडा ते घरोघर : सोळा वर्षे.

१८/
पुढची पावले भराभर पडली. त्याच ३.४.० मध्ये वाढत्या माळेला थोडी जादा जागा आधीच देण्याची युक्ती आली आणि नरकाच्या दुसऱ्या वर्तुळाची धग कमी झाली. २०१८ च्या ३.५.० मध्ये ‘एक ते एक कोटी’ अशी माळ प्रत्यक्ष न लिहिता तिचा केवळ आरंभ व शेवट लक्षात ठेवता येऊ लागला. एप्रिल २०२० च्या ४.०.० मध्ये मालाचे धनी किती, याची खरी मोजणी सुरू झाली आणि अनेक अनावश्यक नकला थांबल्या. पर्यायी, वेगवान इंटरप्रिटरवर विटेक यांच्यासोबत काम केलेले टोमाश कालिबेरा पुढे मुख्य गटातच सामील झाले. स्पर्धक घरचा झाला.

१९/
मुख्य गटाबाहेरही काम चालू होते. डर्क एडेलब्यूटेल आणि रोमां फ्रांस्वा यांनी वाढवलेल्या ‘आरसीपीपी’ने सी++ मधील वेगवान भाग ‘आर’ला जोडणे सुकर केले. चेंबर्स यांच्या आकृतीतील गाभा आता सामान्य वापरकर्त्यालाही लिहिता येऊ लागला. मॅट डाउल यांनी २००६ मध्ये आणलेल्या ‘डेटा.टेबल’ने मोठ्या तक्त्यांच्या नकला टाळल्या. त्यातील क्रमवारी लावण्याची पद्धत २०१६ मध्ये थेट मूळ भाषेत घेतली गेली.

२०/
या इतिहासाने एक शहाणपण मागे ठेवले आहे. ‘लूप वाईट’ हा उपदेश आजही वर्गात ऐकू येतो. पण त्यामागचे कारण बरेचसे ओसरले आहे, आणि लूपच्या जागी सुचवली जाणारी ‘अप्लाय’ कुळातील फंक्शने स्वतः आतून लूपच चालवतात. खरा खर्च बहुधा इतरत्र असतो : वाढत्या माळेत, नकलांत, पुन्हापुन्हा केलेल्या त्याच गणितात. तो कुठे आहे, हे तर्काने क्वचितच कळते. त्यासाठी ‘आर’मध्येच ‘आरप्रॉफ’ हे मोजणीचे साधन आहे. नील यांनाही कंसाचे रहस्य उमगले ते घड्याळ लावून पाहिल्यामुळेच.

२१/
आणि तो मंद साधा कंस? आजचा कंपायलर त्याच्यापाशी आला की कंसाचे फंक्शन बोलावतच नाही. थेट आतल्या गणिताकडे वळतो. संकलित आज्ञावलीत साध्या कंसाचा वेगळा भुर्दंड उरलेला नाही. १९९० च्या दशकातील जुनी आज्ञावलीही बहुधा एक अक्षर न बदलता या वेगाचा लाभ घेते, कारण तिच्यातला अर्थ कोणी हलवला नाही. हलवला तो केवळ तिच्याखालचा पाया, एकेक दगड करून.

(समाप्त)